पारबताबाईचा सवाल

मोहाच्या फुलांचा वास यायला लागला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. चंद्रपूर शहरात बसून मोहाचा वास कुठून येणार, असं कुणीही म्हणेल. इथं वास येतो तो कोळशाच्या धुळीचा, कूलरला नव्यानं बसवलेल्या वाळ्याचा आणि मार्चअखेरच्या फायलींचा. पण एखाद्या सकाळी मोहर्लीकडून आलेली एसटी स्टँडवर थांबते, कुणीतरी शिटाखालून पोतं ओढून काढतं, आणि तो गोड, जड, जरासा आंबूस वास नाकात शिरतो. मी ऑफिसला जायच्या घाईत असते. मग दिवसभर चुकीच्या कागदांवर शिक्के मारते.

यंदाही तेच झालं. पंखा चालू केला, बंद केला. माठाजवळ चारदा जाऊन आले. मोबाईल उघडला, मिटला, पुन्हा उघडला. शेजारच्या टेबलावरचे रामटेकेभाऊ चष्म्यावरून बघत होते. शेवटी म्हणालेच, "काय वो म्याडम, मुंग्या चावून राह्यल्या काय खुर्चीत? बसा नं एका जागी!"

आता यांना काय सांगणार? एका कादंबरीचा शेवट वाचायचा राहिलाय आणि त्याला दोन वर्षं होऊन गेली, असं सांगितलं असतं तर त्यांनी मला सरळ दवाखान्यात नेलं असतं.

'पानभर' हा आमचा मोबाईलवरचा वाचकांचा गट. कुणी पुण्याचं, कुणी अकोल्याचं, एक बाई तर थेट दुबईच्या. मी आणि एक निवृत्त मास्तर असे दोघं चालक. रीत साधी आहे. ज्याला पुस्तक आवडलं त्यानं त्याविषयी पानभर लिहायचं. ज्याला ते वाचावंसं वाटेल त्यानं हाताचं चिन्ह टाकायचं, की शिफारस करणाऱ्यानं आपली प्रत त्याला धाडायची. वाचून झालं की प्रतिक्रिया द्यायची. आणि वाचणाऱ्याला काही प्रश्न पडला तर शिफारस करणाऱ्यानं त्याचं उत्तर द्यायचं. हे शेवटचं कलम माझं. पुस्तक सुचवणं हे सोयरीक जुळवण्यासारखं असतं, मध्यस्थानं मागाहून तोंड लपवू नये, असं मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. त्याला पन्नास-साठ अंगठे आले होते. मी किती खूश झाले होते, हे आठवलं की अजून कान गरम होतात.

मी आवक-जावक टेबलावर बसते. आलेलं पत्र शेवटपर्यंत वाचायचं आमचं काम नाही. विषय बघायचा, संदर्भ बघायचा, खाली सही कुणाची ते बघायचं, शिक्का मारून पुढं सरकवायचं. इतकी वर्षं हेच केल्यावर डोळ्यांना तशी सवयच लागते. पुस्तक हातात घेतलं तरी पन्नास पानांत मला विषय कळतो, शंभर पानांत संदर्भ कळतो, आणि हात आपोआप पुढच्या पुस्तकाकडं जातो. अर्धी वाचलेली पुस्तकं माझ्या घरात किती आहेत ते मी मोजत नाही. ज्याचं त्याला ठाऊक!

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गटात नुसता पूर आला होता. सकाळी उठावं तर कुणीतरी पाच पुस्तकांच्या चळतीचा फोटो टाकलेला. 'निःशब्द.' 'अप्रतिम.' 'आतून हलले.' मला सगळ्यांचा हेवा वाटायचा आणि तितकाच रागही यायचा. एवढं हलतात तरी कधी ही माणसं? नोकऱ्या नाहीत का यांना? महिनाभर माझ्याकडून गटात ओळसुद्धा पडली नव्हती. चालक मी, आणि मीच गप्प! तेव्हा मी एक कादंबरी वाचत होते, म्हणजे एकशे बारा पानांवर थांबले होते. नवऱ्याचं घर सोडून दुसऱ्या गावात खानावळ टाकणाऱ्या बाईची गोष्ट. चांगलीच होती, खोटं कशाला बोलू? पण मार्च तोंडावर आला होता, टेबलावर टपालाचा ढीग होता. मी बसले आणि झोकात पानभर लिहिलं. खाली ठोकून दिलं, 'शेवट तर अंगावर येतो. चुकवू नका.' हे वाक्य मलपृष्ठावर छापलेलं होतं.

दहा मिनिटांत हात वर झाला. शकुन.

शकुन मोहर्लीच्या पलीकडं, जंगलाला लागून असलेल्या एका गावातली. नवरा सफारीच्या गेटवर जिप्सी चालवतो. ही बारावी झालेली. वर्षावासाचे तीन महिने गावच्या विहारात ग्रंथवाचन चालतं, तिथं रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचायचं काम हिचं. गटात ती कुणाच्या तरी मागून आली होती आणि तोवर फारशी बोललेली नव्हती. मी पुस्तक कागदात गुंडाळून मोहर्लीच्या कंडक्टरभाऊंच्या हाती दिलं. त्यांनी ते तिकिटांच्या पेटीत ठेवलं आणि विचारलं, "नाजूक हाये काय?" मी म्हटलं, "नाही हो, पुस्तक आहे."

आणि मग मोहाचा हंगाम सुरू झाला.

तिला टायपायचा कंटाळा, म्हणून ती गटावर बोलूनच निरोप पाठवायची. तिच्या गावात मोबाईलला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. ती मोहाखाली बोलायची आणि पाळीवर आली की सगळे निरोप एकदम सुटायचे. सकाळी नऊच्या सुमाराला माझ्या फोनवर धडाधड पाच-सहा यायचे. मी कानाला इअरफोन लावायचे आणि शिक्के मारता मारता ऐकायचे. आधी वाळक्या पानांचा चुरचुर आवाज. मग कुणीतरी लांबून ओरडायचं. मग शकुन. "ताई, आज ते खानावळीत पहिल्या दिवशी एकच गिऱ्हाईक येते नं, थे वाचलं. इथी सगळ्या बाया हळहळून राह्यल्या. सखूबाई म्हणते, हिनं भाजीत तिखट जास्त टाकलं असंन!" मागं हशा. एक जाड, खरखरीत आवाज सगळ्यांच्या वर चढायचा, "अवो, चार दिवस थांब म्हणा तिले! हात बसाले वेळ लागते!"

तो आवाज पारबताबाईचा. हे मला शकुननंच सांगितलं. मला वाटायचं, शकुन बाजूला बसून आपल्यासाठी वाचते, काम करता करता बायांच्या कानावर ते पडतं आणि त्यांचा गलबला मध्ये शिरतो. खरा प्रकार कळायला मला दोन वर्षं लागली.

सुरुवातीला गटाला फार मजा वाटली. 'किती जिवंत!' 'पक्ष्यांचे आवाज ऐकले का?' पुण्याच्या एका बाईंनी तर तिचा निरोप जेवताना सगळ्या घराला ऐकवला. पण मजा ती किती दिवस पुरणार? आठ दिवसांत कुरकुर सुरू झाली. ऑफिसात ऐकता येत नाही. फार लांब असतं. मागचा गोंगाट कानाला त्रास देतो. एकानं मला खाजगीत लिहिलं, 'आपण वाचकांचा गट आहोत की आठवडी बाजार?' मी कुणालाच उत्तर दिलं नाही. मला ते निरोप आवडायचे. शिक्का मारायचा हात थांबायचा ऐकताना.

मग एका सकाळी तो सवाल आला.

"ताई, पुस्तक झालं. इथी तं भांडण लागून राह्यलं. तो नवरा बिमार होऊन दाराशी येते, अन् ते खानावळ बंद करून त्याच्यासंगं जाते. काऊन गेली ते? पोरी म्हणतेत, गेली ते गेलीच, पाघळली. आमची पारबताबाई म्हणते, नाई, ते वापस येते. तुले काय वाट्टे ते सांग म्हणते. पारबताबाईनं खास तुले विचाराले सांगतलं हाये."

मी एकशे बारा पानांवर होते. नवरा आजारी पडतो हे मला त्या निरोपातूनच कळलं.

अहो, एक वाक्य लिहायचं होतं. 'शकुन, माझं पुस्तक पूर्ण झालेलं नाही.' एवढंच! पण त्याच्या वर माझंच वाक्य होतं, शेवट अंगावर येतो. त्याच्या वर मध्यस्थाचं कलम. मी म्हटलं, संध्याकाळी बघू. संध्याकाळी म्हटलं, रविवारी बघू. शेवटची पानं तर तिच्याकडंच होती. तीन दिवसांनी पुन्हा निरोप. "ताई, पारबताबाई रोज विचारते. म्याडमचा जबाब आला काय?" मागून तो खरखरीत आवाज, "आरामात म्हणा, घाई नाई!" तो ऐकून मी फोन पालथा ठेवला.

पाचव्या दिवशी मी नियम केला. चालकाला नियम करायला लागतो किती वेळ? 'सदस्यांच्या सोयीसाठी यापुढं आवाजी निरोप पाठवू नयेत. प्रतिक्रिया लिहूनच द्यावी.' सदस्यांची सोय म्हणे! भराभर अंगठे आले. शकुनचाही आला. त्यानंतर तिच्याकडून काही आलं नाही, आणि जूनमध्ये एक दिवस ओळ दिसली, ती गटातून बाहेर पडल्याची.

माणूस स्वतःला किती छान समजावतो! मी म्हटलं, धानाच्या रोवणीचे दिवस आले, तिला वेळ नसेल. म्हटलं, नवीन काही वाचायला मिळालं असेल तिला. म्हटलं, लिहायचं तर लिहायला काय झालं होतं, बारावी झालेली आहे. कादंबरीची दुसरी प्रत मागवायला काही अडचण नव्हती. एकदा मागवलीही, आणि पार्सल निघायच्या आधी रद्द केली. ते पुस्तक घरात आलं असतं तर ते वाचावं लागलं असतं, आणि वाचलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं. त्यापेक्षा मी गटात दुसऱ्यांच्या पुस्तकांखाली 'पुढच्या यादीत टाकलं' असं लिहीत राहिले. मोहाचा आणखी एक हंगाम गेला. गट अगदी शिस्तीत चालला होता, एकही आवाज नाही. आणि मला रोज सकाळी नऊ वाजता कानाला इअरफोन लावावासा वाटायचा.

यंदा त्या वासानं असा काही छळ मांडला की शनिवारी मी शकुनला फोन लावलाच. शिव्या खायची तयारी ठेवली होती. ती म्हणाली, "ताई! येजो नं. उद्याच ये. पहिल्या गाडीनं निघजो, मोह वेचणं होते तवरिक." आवाजात कुठं राग नाही, टोचणी नाही. मला तर ते जास्तच झोंबलं. तिनं चार शब्द सुनावले असते तर फिटंफाट झाली असती.

रविवारी ती थांब्यावर उभी होती, कमरेवर टोपली, टोपलीत माझं पुस्तक. त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, कडा मोहाच्या रसानं चिकट तपकिरी झालेल्या. आम्ही शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून निघालो. मी मनात वाक्य जुळवत होते. शकुन, मला तुला एक सांगायचंय. शकुन, त्या वेळी काय झालं. कुठल्याच वाक्याला शेवट येत नव्हता. तेवढ्यात तीच म्हणाली, "पारबताबाई गेली, ताई. या हिवाळ्यात. म्हातारी होती, झोपीतच गेली."

मी जागीच थांबले.

"अन् एक सांगू काय? रागावजो नको. तू कामात होतीस, तुह्यं उत्तर नाई आलं. ते रोज विचारे. मंग मीच एक दिवस सांगून देल्लं, म्याडमचा जबाब आला मनून. म्हटलं, म्याडम म्हणते पारबताबाईचंच बरोबर हाये. ते बाई वापस येते." शकुन हसली. "काय खूश झाली थे! गावभर सांगत फिरली, चंद्रपूरची म्याडम माह्या पक्षाची हाये मनून."

माझ्या नावावर एक प्रतिक्रिया दोन वर्षं गावात फिरत होती आणि मला पत्ता नव्हता. मी तिला विचारलं, गट का सोडलास? ती म्हणाली, "लिवता येते मले. पण मी एकटीचं काय लिवू? वाचत तं आमी साऱ्याजणी होतो." आणि मग, अगदी सहज, "गट सुटला अन् पुस्तकं येणं बंद झालं. हेच चालू हाये आता, तिसऱ्यांदा."

मोहाखाली आठ-नऊ बाया होत्या. झाडाखालची जागा झाडून लख्ख केलेली, तिच्यावर पिवळट फुलांचा सडा, आणि वरून अजून एकेक फूल टपकत होतं. बाया वाकून वेचत होत्या. वाकलेल्या बाईची उंची जनावराएवढी होते, आणि इथं वाघ फिरतो. म्हणून एकीनं मधोमध उभं राहायचं आणि मोठ्यानं आवाज करत राहायचं, ही इथली जुनी रीत. तिच्या टोपलीत मग बाकीच्या आपल्यातलं थोडं थोडं टाकतात. पूर्वी उभी राहणारी बाई नुसतं हो-हो करायची, थाळी बडवायची. शकुनची पाळी आली आणि तिला रोज तेच तेच ओरडायचा कंटाळा आला, म्हणून तिनं पुस्तक आणलं.

म्हणजे ती बाजूला बसून वाचत नव्हती. त्या बायांसाठीच वाचत होती, चारी बाजूंच्या झुडपांवर नजर ठेवून, गळा ताणून. मी ज्याला गलबला समजत होते ते माझ्या गटातले सगळ्यात चोख वाचक होते. एकीनंही कधी 'निःशब्द' म्हटलं नसेल.

त्या दिवशी नेमकं शेवटचं प्रकरण होतं. शकुन मधोमध उभी राहिली. मलाही कुणीतरी टोपली दिली. मी वाकून वेचायला लागले, आणि दोन वर्षं जे चुकवत आले ते कानावर पडायला लागलं. नवरा दाराशी येतो. ती त्याला आत घेते, ताट वाढते. तो जेवतो. ती खरकटं काढते, बाकडी उलटी करून ठेवते, चूल विझवते. खानावळीला कुलूप लावून किल्ली शेजारणीच्या हातात देते आणि त्याच्यासोबत बसमध्ये बसते. संपलं.

माझ्या अंगावर वगैरे काही आलं नाही. मला राग आला. असा राग आला त्या बाईचा, की बोटात धरलेलं फूल चिरडलं गेलं. एवढं सगळं उभं केलंस आणि निघालीस?

"मंग?" पलीकडून एक पोक्त बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती सखूबाई, पारबताबाईची जाऊ. "आमची पारबता म्हणे, तिनं भांडे नाई नेले. बाई कायमची जाते तं भांडे सोडून जाते काय? वापस येते ते. तू बी तसंच म्हटलं होतं नं?"

मी म्हटलं, "नाही येत ती परत."

साऱ्यांचे हात थांबले. "किल्ली दिली तिनं शेजारणीला," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "चूल विझवली. परत येणारी बाई राखेत निखारा ठेवते. ही गेली, सखूबाई. कायमची गेली."

"पाह्य वो, पाह्य!" एक पोरगी टाळी वाजवून ओरडली. "मी म्हणत होती नं!"

सखूबाई हलली नाही. "मंग तवा काऊन हो म्हटलं पारबताले?"

शकुननं पुस्तकात बोट घालून ते मिटलं होतं. ती जमिनीकडं बघत होती. तिचा चेहरा उतरला होता. माझ्या जिभेवर एक वाक्य तयारच होतं, 'माणसाचं मत बदलतं हो.' ते चाललंही असतं. असल्या वाक्यांवर शिक्का मारून पुढं सरकवण्यातच माझा जन्म गेला आहे.

"तेव्हा मी अर्धंच वाचलं होतं," मी म्हणाले. "शेवट मी आज पहिल्यांदा ऐकला."

शकुननं मान वर केली.

"अर्धंच?" सखूबाई म्हणाली. "अन् न वाचताच सांगून देल्लं तिले? खोटंच?"

"हो."

सखूबाई खाली वाकली. एकेक फूल उचलून टोपलीत टाकत राहिली, बराच वेळ. माझ्याकडं बघेना. शकुन मधोमध उभी, पण तिलाही आवाज करायचं सुचेना. शेवटी कुणीतरी घाबरून थाळी वाजवली.

मग सखूबाई टोपली घेऊन माझ्याजवळ आली. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "पारबता आता नाई. तिच्या बाजूनं मी हावो. आज तं पुरं आयकलं नं तू? मंग आता सांग. भांडे काऊन नाई नेले तिनं?"

मी सांगायला लागले, आणि दोन वाक्यं होत नाहीत तोच तिनं मला अडवलं.